कुणी न पाहिलेलं नाणं

पत्र :

नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, सध्या न्यू जर्सीत एडिसनला असतो. 2021 च्या जानेवारीत मुलगी झाली, तेव्हापासून दर महिन्याला ‘अमेरिकन ईगल’ हे तिथल्या टांकसाळीचं चांदीचं एक नाणं घेतो. वीस-वीस नाण्यांच्या तीन ट्यूब भरल्या. पत्नी म्हणते, चांदीच साठवायची तर बिस्किटं घे, स्वस्त पडतात. दुकानदार म्हणतो, साधे ईगल काय घेता, ‘लिमिटेड मिंटेज’ची (मोजकीच टांकलेली), प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये बंद केलेली नाणी घ्या, पुढे दसपट होतील. मुलगी वीस-बावीस वर्षांची होईल तेव्हा नुसत्या धातूपेक्षा जास्त मोल येईल, अशी आजची नाणी कोणती? आणि आहेत ती भारतात आणून आईच्या लॉकरमध्ये ठेवू का?
— एक बाबा, एडिसन

उत्तर :

तुमच्या पत्नीचं म्हणणं हिशेबानं बरोबर आहे. दुकानदाराचं निम्मं बरोबर आहे, पण ते निम्मं त्याच्या फायद्याचं आहे. त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

सराफाकडे पाटल्या करायला टाकल्या की सोन्याचे पैसे वेगळे आणि घडणावळ वेगळी, हे आपल्या घरातल्या पोरांनाही ठाऊक असतं. त्याच पाटल्या मोडायला नेल्या की घडणावळ बुडाली, हेही ठाऊक असतं. बुलियन नाण्यावरचा, म्हणजे धातूच्या भावानं विकल्या जाणाऱ्या नाण्यावरचा, प्रीमियम म्हणजे दुसरं काही नाही, टांकसाळीची आणि दुकानदाराची घडणावळ. तुम्ही विचारताय ते साध्या मराठीत असं : घडणावळ बुडवणार नाही, उलट चार पैसे जास्त मिळवून देईल, असं नाणं कोणतं?

अशी नाणी आहेत. पण ती जवळजवळ कधीच ‘दुर्मीळ’ म्हणून विकली गेलेली नाहीत. ती दुर्मीळ झाली, कारण त्या-त्या वर्षी त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

तुमच्याच ईगलचं घ्या. हे नाणं 1986 मध्ये सुरू झालं. एक ट्रॉय औंस शुद्ध चांदी, म्हणजे 31.1 ग्रॅम, आपले पावणेतीन तोळ्यांना थोडे कमी. दर्शनी किंमत एक डॉलर, तिला काही अर्थ नाही. या नाण्याच्या साध्या बुलियन प्रकारात सगळ्यांत कमी टांकलं गेलेलं साल कोणतं, तर 1996. त्या वर्षी फक्त 36,03,386 नाणी निघाली. टांकसाळीनं काही मर्यादा घातली होती म्हणून नव्हे. चांदी औंसाला पाच डॉलरच्या आसपास कित्येक वर्षं निपचित पडली होती, लोक शेअर बाजाराच्या नादात होते, चांदी घेणारा माणूस म्हणजे खुळा अशी समजूत होती. मागणी नाही म्हणून नाणी कमी. आता उलटीकडून पाहा : 2015 मध्ये हीच संख्या 4 कोटी 70 लाखांवर गेली. दरम्यानच्या काळात दर सालचं एक-एक नाणं जमवणारे लाखो लोक तयार झाले, आणि त्या सगळ्यांच्या अल्बममध्ये 1996 चा एक खळगा असतोच. तो भरायला निघालेल्यांच्या मानानं नाणी कमी. आजही ट्यूबमधल्या इतर ईगलांपेक्षा 1996 चं नाणं वेगळ्या भावानं विकलं जातं ते यामुळे.

कॅनडातही हेच झालं. चांदीचं मेपल लीफ 1988 पासून निघतं. त्यातलं 1997 चं नाणं फक्त 1,00,970 निघालं. कारण तेच, उदासीनता.

आणि सोन्यातली एक गोष्ट तर मला फार आवडते. अमेरिकेचं शुद्ध सोन्याचं ‘बफेलो’ नाणं 2006 मध्ये आलं, एक औंसाचं. 2008 मध्ये टांकसाळीनं संग्राहकांसाठी त्याची छोटी भावंडंही काढली : अर्धा, पाव आणि एक दशांश औंस. ती बाजारात आली आणि त्याच शरदात जगाच्या बँका कोसळायला लागल्या. माणसं नोकरीच्या काळजीत, नाण्यांचा छंद कुणाला सुचतोय? पाव औंसाचं साधं, प्रूफ (संग्राहकांसाठी खास आरशासारखं चकचकीत टांकलेलं) नसलेलं नाणं दहा हजारांच्या आत विकलं गेलं. टांकसाळीनं ती छोटी मापं त्यानंतर बंदच केली. एकाच सालचं, एकाच मालिकेचं, आणि कुणी न घेतलेलं नाणं. पुढे त्याला मागणी आली यात नवल काय?

याच्या अगदी उलट चित्र 2010 चं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांवर पाच-पाच औंस चांदीची बशीएवढी नाणी निघणार होती, ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ नावाची मालिका. तीन इंच व्यास! पहिल्या पाच नाण्यांची संख्या प्रत्येकी 33,000 जाहीर झाली आणि झुंबड उडाली. विक्रेत्यांनी भाव असे चढवले की शेवटी टांकसाळीलाच मध्ये पडावं लागलं. प्रीमियमवर मर्यादा, एका घराला प्रत्येक चित्राचं एकच नाणं, अशा अटी घातल्या गेल्या. दोन वर्षांनी उत्साह मावळला. 2012 चं हवाईच्या ज्वालामुखी उद्यानाचं नाणं निघालं ते 20,000 च. धावपळ करून लोकांनी घेतलं 33,000 मधलं. ज्याच्यासाठी कुणी रांग लावली नाही ते त्याहून कमी. मालिका पुरी करायला बसलेला माणूस आज कोणतं नाणं शोधतो, हे तुम्हीच सांगा.

तुमच्या दुकानदाराच्या ‘लिमिटेड मिंटेज’मध्ये नेमकी हीच गोम आहे. संख्या कमी असणं हा निम्मा भाग. उरलेला निम्मा भाग म्हणजे पुढे ते नाणं मागणारा माणूस असणं. आणि तो माणूस आजच रांगेत उभा असेल तर त्या कमी संख्येची किंमत आजच्या भावात आधीच मोजून घेतलेली असते.

याबाबतीत माझी स्वतःची फजिती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका खासगी कंपनीकडून चांदीच्या ‘नाण्यांचा’ एक संच हप्त्यांवर घेतला होता. मखमली पेटी, क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र, ‘फक्त पाच हजार संच’ असा ठसा. सगळं होतं. पंधरा वर्षांनी विकायला गेलो तर सराफानं पेटी बाजूला ठेवली, प्रमाणपत्र बाजूला ठेवलं, पदकं तराजूत टाकली आणि मोडीचा भाव सांगितला. त्यांना नाणी म्हणणंच चूक होतं. कोणत्याही देशाच्या टांकसाळीनं ती काढलेली नव्हती. कोणतीही चालू मालिका नव्हती, म्हणून पुढचा-मागचा खळगा भरणारा संग्राहकही नव्हता. पाच हजारच काय, पाचशे असते तरी काय उपयोग? ती मखमली पेटी मात्र अजून आहे. बायको त्यात सुया-दोरे ठेवते.

मग रांग लावून घेतलेल्या नाण्याला कधीच भाव येत नाही का? येतो, नाही कसं! 2019 च्या नोव्हेंबरात टांकसाळीनं सॅन फ्रान्सिस्को शाखेची ‘एस’ खूण असलेला एक खास प्रूफ ईगल काढला. संख्या 30,000, किंमत 65.95 डॉलर, एका घराला एक. काही मिनिटांत संपला आणि त्याच दिवशी हजार डॉलरच्या गोष्टी सुरू झाल्या. ज्यांना टांकसाळीच्या संकेतस्थळावरून मिळाला त्यांना लॉटरी लागली. पण लक्षात घ्या, फायदा झाला तो 65.95 देणाऱ्याचा. हजार मोजून दुकानातून घेतला त्यानं दुसऱ्याच्या लॉटरीचं तिकीट निकाल लागल्यावर विकत घेतलं. टांकसाळीच्या यादीत नाव नोंदवून ठेवा, अशा दिवशी नशीब जरूर आजमावा. पण मुलीचा फंड त्यावर उभा करू नका.

सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण 1995 चं. त्या वर्षी ईगलच्या दहाव्या वर्षानिमित्त टांकसाळीनं सोन्याच्या चार प्रूफ नाण्यांचा संच काढला, 999 डॉलरला. त्यात वेस्ट पॉइंट शाखेची ‘डब्ल्यू’ खूण असलेलं चांदीचं एक नाणं जोड म्हणून घातलं. ते सुटं मिळत नव्हतं. चांदीच्या एका नाण्यासाठी हजार डॉलरचं सोनं कोण घेणार, असं म्हणून चांदीवाले संग्राहक चडफडत बाजूला झाले. एकूण संख्या राहिली 30,125. आज सोनं बाजूला राहिलं, आणि ते जोडीला आलेलं नाणंच साऱ्या मालिकेचा राजा होऊन बसलंय, हजारो डॉलरचं.

याच नाण्याची दुसरी गोष्ट सांगितली की तुमच्या स्लॅबच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या कंपन्या एक ते 70 असे गुण देतात आणि नाणं स्लॅबमध्ये बंद करून वर तसं लेबल लावतात. 70 म्हणजे भिंगाखालीही खोट नाही. 2013 मध्ये 70 गुण मिळालेला एक 1995-डब्ल्यू लिलावात 86 हजार डॉलरच्या वर गेला. त्या वेळी तसे 70 गुणवाले फार थोडे होते. हा आकडा ऐकल्यावर घरोघरची नाणी तपासायला निघाली, आणखी 70 बाहेर पडले, आणि भाव खूप खाली घसरला. नाणं तेच, गुण तेच. फक्त ‘फार थोडे’ हे दोन शब्द गेले.

जुन्या, बाजारात फिरून झिजलेल्या नाण्यांना गुण देण्यात अर्थ आहे. राणीछाप रुपया नव्यासारखा सापडणं ही खरोखर दुर्मीळ गोष्ट. पण आजचं बुलियन नाणं यंत्रातून निघून थेट ट्यूबमध्ये पडतं. त्याला 69 मिळणं म्हणजे दहावीच्या निकालात फर्स्ट क्लास. गल्लीत चार घरं सोडून एकेक असतो. आणि लेबलवरचं ‘फर्स्ट स्ट्राइक’? त्याचा अर्थ नाणं पहिल्या साच्यातून पहिल्या दिवशी निघालं असा नसतो. टांकसाळीतून निघाल्यापासून ठरावीक दिवसांत, साधारण महिनाभरात, ते कंपनीकडे पोचलं एवढंच. म्हणजे ही गोष्ट नाण्याची नाही, कुरिअरची आहे. चालू सालच्या साध्या ईगलला स्लॅबसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. हे मी अगदी ठाम सांगतो.

स्लॅबचा खरा उपयोग कुठे होतो याचंही एक उदाहरण देतो, कारण त्यात तुमच्यासाठी एक धडा आहे. 2015 मध्ये ईगलची मागणी इतकी होती की नेहमीच्या वेस्ट पॉइंटशिवाय फिलाडेल्फियातही गुपचूप 79,640 नाणी टांकली गेली. नाण्यावर टांकसाळीची खूणच नसते, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. दोन वर्षांनी तिकडच्या माहिती अधिकाराखाली विचारणा झाली तेव्हा कागद बाहेर आले, आणि कागदांत होते पाचशे-पाचशे नाण्यांच्या हिरव्या पेट्यांचे क्रमांक. ज्यांनी पेट्या सीलबंद ठेवल्या होत्या त्यांच्याकडे एकदम दुर्मीळ नाणी आली, आणि स्लॅबच्या लेबलवर तसं लिहून घेता आलं. ज्यांनी पेटी फोडून ट्यूब मोकळ्या केल्या होत्या त्यांच्याकडेही कदाचित तीच नाणी आहेत, पण आता ती कशावरून ओळखणार? म्हणून सांगतो : पावती, ट्यूब, टांकसाळीचं सील, काही फेकू नका. पावतीवर तारीख असते, ती वहीत उतरवून ठेवा.

आता अमेरिकेबाहेरचं बोलू, कारण माझं मन खरं तिकडे आहे.

ईगल, एखादा अपवाद सोडला तर, दर वर्षी तोच असतो, फक्त साल बदलतं. पण काही देश बुलियन नाण्याचं चित्रच दर वर्षी बदलतात. चीनचा पांडा हा त्यातला सगळ्यांत जुना खेळाडू. सोन्याचा पांडा 1982 मध्ये आला. पहिल्या सालच्या नाण्यावर दर्शनी किंमत सुद्धा नव्हती, ती 1983 पासून आली. दर वर्षी नवा पांडा : बांबू खाणारा, झाडावर चढणारा, पिल्लाला घेतलेला. 2001 मध्ये टांकसाळीनं ठरवलं की आता चित्र कायम ठेवू. 2002 चं नाणं तसंच निघालं, संग्राहक रागावले, आणि 2003 पासून पांडा पुन्हा बदलायला लागला. टांकसाळीलाही कळलं की लोक चांदी घेत नाहीत, चित्र घेतात.

पांड्याच्या भावामागे आणखी एक कारण आहे, ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ऐंशीच्या दशकात ही नाणी चीननं मुख्यतः परदेशात विकली, परकीय चलन मिळवायला. चिनी माणसाकडे तेव्हा ती घ्यायला पैसे नव्हते. वीस-पंचवीस वर्षांनी त्याच्याकडे पैसे आले आणि त्याला स्वतःच्या देशाचं नाणं परत हवंसं वाटलं. नाणी अमेरिका-युरोपातून पुन्हा चीनकडे निघाली. नाण्याच्या घरचा संग्राहक उद्या श्रीमंत होणार आहे का, हा प्रश्न टांकलेल्या संख्येइतकाच मोठा आहे. मात्र पांडा घेताना सावध राहा, नकली फार निघतात. आणि 2016 पासून त्याचं वजन औंसाऐवजी 30 ग्रॅम आहे. औंसाच्या भावाशी तुलना करताना फसगत होते.

ऑस्ट्रेलियाच्या पर्थ टांकसाळीचा कुकाबरा (तिथला एक पक्षी) 1990 पासून दर वर्षी नव्या चित्राचा निघतो. त्याच टांकसाळीची चिनी राशींची चांदीची मालिका 1999 मध्ये सशापासून सुरू झाली. बारा राशींचं एक चक्र म्हणजे एक मालिका, आता तिसरी चालू आहे. यात मागणीचं यंत्र आधीच बसवलेलं आहे : त्या-त्या राशीच्या सालात जन्मलेल्या मुलांचे आईबाप. ड्रॅगनचं साल आलं की झुंबड. म्हणून ड्रॅगन महाग पडतो आणि बाजूची साधी राशी तिच्या सालात स्वस्त मिळते. माझा कल कुणीकडे असेल हे तुम्ही ओळखलं असेल. तुमच्या लेकीच्या जन्माचं 2021 म्हणजे बैलाचं साल. (जानेवारीतला जन्म, त्यामुळे चिनी पंचांग काटेकोर धरलं तर ती उंदराच्या सालातच पडते, पण नाण्यावर बैल आणि 2021 आहे. तिला चालेल.) बैलासाठी रांगा लागल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

ब्रिटनची ‘क्वीन्स बीस्ट्स’ मालिका, 2016 ते 2021, दहा राजचिन्हांच्या प्राण्यांची, चांदीत दोन औंसांची जाड नाणी. सुरू झालेली आणि संपलेली अशी बंद मालिका. ज्यांनी पहिल्यापासून घेतली त्यांनी पुरी केली, मधूनच आलेल्यांना आधीची शोधावी लागली. हा गुण चांगला. पण तिच्या यशावर स्वार होऊन आता प्रत्येक टांकसाळ प्राणी, देव, योद्धे आणि कार्टूनची पात्रं काढत सुटली आहे. इतक्या मालिका पुऱ्या करायला संग्राहक आणायचे कुठून? त्या गर्दीतलं काही घेऊ नका.

एक नाणं मात्र तुम्ही घ्यावं असं मला वाटतं, आणि ते नुसत्या भावासाठी नाही. आपल्या आज्या जिला गिनी म्हणायच्या, ती ब्रिटिश सॉव्हरिन. 7.99 ग्रॅम, 22 कॅरेट. पहिल्या महायुद्धात सोनं जहाजानं हलवणं धोक्याचं झालं तेव्हा 1918 मध्ये लंडनच्या टांकसाळीची शाखा मुंबईत उघडली आणि तिथे तेरा लाखांच्या आसपास सॉव्हरिन टांकल्या गेल्या. नाण्याच्या पाठीवर घोडेस्वार असतो, त्याच्या घोड्याखालच्या जमिनीवर, सालाच्या वर, इंडियाचा बारीक ‘आय’ असतो. पुढच्याच वर्षी ती शाखा बंद झाली. एकाच सालची, एकाच शहराची मुद्रा. नाणं फार दुर्मीळ नाही, त्यामुळे भाव अजून आवाक्यात राहतो. आणि जवळजवळ शतकानंतर, 2013 मध्ये, ब्रिटिश टांकसाळीच्या परवान्यानं एमएमटीसी-पँप या कंपनीनं भारतात पुन्हा ‘आय’ खुणेची सॉव्हरिन काढली. 1918 ची एक आणि 2013 ची एक अशी जोडी करा. तिचा उद्याचा संग्राहक कोण, तर आपलीच माणसं, आणि त्यांच्या हातात पैसा यायला लागलाय.

फक्त कडी लावलेली गिनी घेऊ नका. आपल्या बायकांनी गिन्यांच्या आणि पुतळ्यांच्या माळा केल्या, त्या फार सुंदर दिसतात. पण डाग दिलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी दागिना होतं, आणि दागिना मोडीत जातो.

यावरून आमच्या आत्याची आठवण आली. तिच्याकडे आजोबांचे सतरा राणीछाप होते, लक्ष्मीपूजनाचे. दर दिवाळीला ती ते रांगोळीनं घासून लखलखीत करायची. पन्नास दिवाळ्यांत राणीचं नाक गेलं, मग केस गेले, शेवटी ती राणी की राजा हेही कळेना. तुम्ही तुमच्या ईगलना रांगोळी, टूथपेस्ट, चिंच, रिठा, चांदी चमकवायचं दुकानातलं पाणी, काहीही लावू नका. काळवंडलं तर काळवंडू द्या. नुसत्या रुमालानं पुसलेलं नाणं सुद्धा भिंगाखाली ओरखडे दाखवतं. कडेला धरायचं. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांत ठेवायचं नाही. त्यातल्या पीव्हीसीमुळे काही वर्षांत हिरवट चिकटा येतो. टणक कॅप्सूल घ्या. मेपल लीफ घेणार असाल तर त्याच्यावर दुधाच्या थेंबासारखे पांढरे डाग पडण्याची जुनी खोड आहे. कॅनडाच्या टांकसाळीनं 2018 पासून त्यावर उपाय म्हणून खास प्रक्रिया आणली. त्याआधीची नाणी उजेडात तिरकी धरून पाहून घ्या.

आता पत्नीचा मुद्दा, कारण तिला उत्तर द्यायचं राहिलं. बिस्किटाची घडणावळ कमी, हे खरं. पण 2020 च्या मार्चमध्ये चांदी बारा डॉलरच्या आसपास कोसळली तेव्हा अमेरिकेतल्या दुकानांत साधा ईगल वीसच्या वर चालला होता, कारण हातात यायला नाणीच नव्हती. कुठलाही दुर्मीळपणा नसताना घडणावळ परत मिळाली, तीही व्याजासकट. हे रोज होत नाही. पण ओळखीचं, सहज विकलं जाणारं नाणं एकेक करून विकता येतं, शंभर औंसाच्या लगडीतून तुकडा तोडता येत नाही. म्हणून निम्मं तिच्या मनासारखं, निम्मं तुमच्या, असं करा. घरात शांतता राहील.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट, जी दुकानदार कधी सांगत नाही. चांदी पाच डॉलरला असताना 1996 चं नाणं धातूच्या कितीतरी पट होतं. चांदी चढत गेली तसा तो पटीचा आकडा आकसत गेला. धातू महागला की संग्राहकमूल्य त्यात बुडतं, स्वस्त झाला की खडकासारखं वर दिसतं. त्यामुळे चांदी तेजीत असेल तेव्हा जुनी कमी संख्येची नाणी साध्या नाण्यांच्या जवळपासच्या भावानं मिळतात, कारण विकणारा वजन बघत असतो. 1996 घ्यायचं तर अशा वेळी घ्या. मात्र तराजू जवळ ठेवा : 31.1 ग्रॅम, व्यास 40.6 मिलिमीटर, लोहचुंबकाला चिकटता कामा नये. नकली ईगल ढिगानं आहेत.

तुम्हाला मी सांगेन ते असं. महिन्याचा ईगल एकेक न घेता वर्षातून एकदा अर्धी ट्यूब एकदम घ्या, घडणावळ कमी पडेल. वाचलेल्या पैशांत दर वर्षी एक बदलत्या चित्राचं नाणं, त्या सालात, धातूच्या जवळच्या भावानं. कुकाबरा किंवा रास, एक मालिका धरा आणि सोडू नका. सलग वीस वर्षांचा न घासलेला संच हा सुट्या वीस नाण्यांपेक्षा वेगळा माल असतो, कारण घेणाऱ्याची वीस वर्षांची शोधाशोध वाचते. आणि पहिल्या वर्षी ती गिन्यांची जोडी.

भारतात मात्र आणू नका. कस्टममध्ये परदेशातून येणाऱ्यांना जी पूर्ण करमाफी आहे ती दागिन्यांना, नाण्यांना नाही. शिवाय 1918 ची गिनी आता शंभरी ओलांडलेली, म्हणजे इथल्या कायद्यानं पुरावस्तू. एकदा इथल्या लॉकरमध्ये आली की परत एडिसनला नेता येणार नाही. तिकडेच बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. विकताना तिकडचं सरकार नाण्यांना ‘कलेक्टिबल’ धरतं आणि दीर्घ मुदतीच्या नफ्यावर 28 टक्क्यांपर्यंत कर लावू शकतं, तेव्हा खरेदीच्या पावत्या लागतील. पावत्यांचं मी मघाशी म्हणालोच.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. पहिली ट्यूब उघडा, हात धुऊन, खाली मऊ टॉवेल अंथरून. 2021 ची बारा नाणी वेगळी काढा आणि उलटी करून पाहा. त्या सालाच्या मध्यावर अमेरिकेनं ईगलची पाठ बदलली. पस्तीस वर्षं चाललेला ढालधारी गरुड गेला, आणि घरट्यासाठी ओकची फांदी घेऊन उतरणारा गरुड आला. नव्या नाण्याच्या कडेच्या रेघांमध्ये एक रेघ मुद्दाम गाळलेली आहे, नकली ओळखायला. दुकानदाराकडे जुना साठा नसेल तर तुमच्या बारांत दोन्ही पाठी असतील. दोन्ही ढिगानं टांकल्या गेल्यात, त्यांचे काही हजारो येणार नाहीत. पण मुलीच्या जन्मसालाची ती एक-एक कॅप्सूलमध्ये घालून बाजूला ठेवा, आणि ती गाळलेली रेघ तिला शोधायला लावा.